मैदानात न उतरता सामने जिंकणाऱ्या भाऊस

सावली, जि. चंद्रपूर

लॉट पाडणारे भाऊ यांस,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार घ्या.

तुमचं नाव लिहीत नाही. गावाचंही लिहीत नाही. आपल्या भागात खुल्या कबड्डी सामन्यांना जाणाऱ्या कुठल्याही पोट्ट्याला विचारा, तो बरोबर बोट दाखवील. धान कापून होतं, पुंजणे लागतात, चुरणे आटोपतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी मंडप पडतात. कुठे शंकरपट, कुठे रात्रभराचं नाटक, कुठे दिवसरात्र कबड्डी. कबड्डीच्या मंडपात स्टेजच्या बाजूला एक टेबल असतं. त्यावर पावतीबुक, चहाचे कागदी कप आणि तुमची पुठ्ठ्याची वही. या टेबलावर बसून तुम्ही जेवढे सामने जिंकलेत तेवढे या तालुक्यातल्या एकाही रेडरने जिंकलेले नाहीत. अंगाला माती न लागू देता जिंकलेत. त्यासाठी पाठ थोपटणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. आज हिशेब मागणारा भेटला आहे.

मागच्या हंगामातली ती रात्र तुम्ही विसरला असाल, आमची पोरं विसरलेली नाहीत. लॉट पडताना मी टेबलाला टेकून उभा होतो. स्टीलच्या थाळीत चिठ्ठ्या होत्या, रेघांच्या वहीचा कागद फाडून चौकोनी घड्या घातलेल्या. चिठ्ठी उचलायला तुम्ही प्रेक्षकांतून एक लहान मुलगी बोलावलीत. ते मला आवडलं होतं. ती एकेक चिठ्ठी उचलत गेली, तुम्ही माईकवर नावं वाचत गेलात. थाळी रिकामी झाली आणि यजमान गावाच्या ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही संघांची नावं काही आली नाहीत. मी विचारलं. तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, “त्यांचं ठरलं आहे जी.”

थोड्या वेळाने खांबाला तक्ता लागला. दोन ठिकाणी पांढरे डाग होते, व्हाइटनरचे. कागदाच्या मागून हॅलोजनचा उजेड येत होता, त्यामुळे डागाखालचं नाव वाचता येत होतं. त्या मुलीने उचललेली चिठ्ठी एका जागेवर होती आणि तुमच्या पेनाने ती दुसऱ्या जागेवर नेली होती. मागच्या वर्षी अंतिम सामना खेळलेले दोन्ही संघ आणि आमचा संघ, तिघंही तक्त्याच्या एकाच चौथाईत कोंबलेले. यजमान ‘अ’ थेट उपांत्यपूर्व फेरीत. यजमान ‘ब’ला पहिल्या फेरीत पुढे चाल, दुसऱ्या फेरीतही पुढे चाल.

आमच्या पोरांनी संध्याकाळी एक सामना काढला, रात्री जेवणवेळेनंतर दुसरा काढला. तिसरा यजमान ‘अ’शी पडला, तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. यजमानांचा तो पहिलाच सामना. ते घरी जेवून, झोप काढून आले होते. आमच्या मुख्य रेडरच्या पोटरीत शेवटच्या चढाईआधी गोळा आला. त्याने गडी मारला, पण मध्यरेषेपर्यंत पोचता आलं नाही. सामना गेला. यजमान संघाच्या पोरांवर माझा राग नाही, ते चांगले खेळले. पण पहाटे तीन वाजताच्या त्या दमलेल्या पायांना जबाबदार कोण, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

तुमचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: “लॉट म्हणजे नशीब, भाऊ.” ठीक. आता नशिबाचा हिशेब मांडू. समजा २७ संघ आले. बाद पद्धतीत तक्ता दोनाच्या घातात भरावा लागतो, म्हणजे ३२ जागांचा. रिकाम्या जागा ५, म्हणून बाय, म्हणजे न खेळता पुढे चाल, ५ संघांना. पहिल्या फेरीत २२ संघ खेळतात, ११ उरतात, ५ बायवाले त्यांना येऊन मिळतात आणि १६ होतात. इथून पुढे १६, ८, ४, २. दुसऱ्या फेरीत बाय द्यायला एकही रिकामी जागा शिल्लक राहत नाही. संघ कितीही येवोत, २७ येवोत की ४१, सगळे बाय पहिल्याच फेरीत संपतात. म्हणजे तुमच्या तक्त्यात यजमान ‘ब’ला दुसऱ्या फेरीत जो बाय मिळाला तो नशिबाने दिलेला नव्हता. त्या २७ संघांच्या तक्त्यात करंडक उचलायला बाय नसलेल्या संघाला पाच सामने जिंकावे लागतात, बायवाल्याला चार, आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत बसवलेल्याला तीन. मातीवर एका रात्रीत पाच आणि तीन यांतला फरक काय असतो, ते पोटरीला विचारा.

बाय कुठे द्यायचा याचीसुद्धा रीत ठरलेली आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला कुठलाही क्रीडाशिक्षक ती झोपेत सांगेल. संघ विषम असतील तर वरच्या अर्ध्यात एक संघ जास्त, २७ असतील तर वर १४ आणि खाली १३. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला. जागा आधी ठरतात, नावं नंतर येतात. तुम्ही हे उलटं केलंत. नावं आधी ठरवलीत आणि त्यांच्या मागे बाय पळवलेत.

आता मानांकनाचं. नुसत्या चिठ्ठ्यांवर सगळं सोडावं असं माझं म्हणणं नाही, आणि हे ऐकून तुम्ही खूश होऊ नका. निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या तर तालुक्यातले दोन सर्वांत तगडे संघ पहिल्याच फेरीत भिडू शकतात. मग अंतिम सामना मिळमिळीत होतो, आणि थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेला माणूस चुकचुकत घरी जातो. म्हणून मानांकन हवंच. मागच्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ चार चौथायांत वेगवेगळे बसवायचे: विजेता सगळ्यात वर, उपविजेता सगळ्यात खाली, तिसरा आणि चौथा मधल्या दोन टोकांना. वर सांगितलेल्या बायच्या पहिल्या चार जागा बघा, त्याच या जागा आहेत. म्हणजे मागच्या वर्षी ज्यांनी मैदानावर कमावलं, त्यांना या वर्षी पहिल्या फेरीची विश्रांती. ती त्यांच्या घामाची आहे, ती त्यांना मिळू दे. बाकी सगळ्या जागा थाळीतल्या चिठ्ठ्यांनी भरायच्या, आणि त्या थाळीत यजमानाचीही चिठ्ठी असली पाहिजे. मागच्या वर्षी यजमान पहिल्या चारांत असेल तर त्यालाही मानांकन द्या, माझी काही हरकत नाही.

तुम्ही मात्र मानांकनासाठी वेगळीच मोजपट्टी लावलीत. ज्याने पहिलं बक्षीस दिलं त्याच्या भावकीचा संघ, ज्याने मंडपाचं बिल भरलं त्याच्या गावचा संघ, आणि नागपूरकडून नावाजलेले खेळाडू आणून बांधलेला संघ. त्या संघातल्या एकानेही आपल्या भागात मागच्या वर्षी एक चढाई केलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, वर्गणी कोण देणार? देणगीदाराचा मान नको का राखायला? जरूर राखा. स्टेजवर पहिल्या रांगेत खुर्ची द्या, शाल-श्रीफळ द्या, नाणेफेक त्याच्या हातून करा, करंडकावर त्याच्या आईवडिलांचं नाव कोरा. गावात सामने भरवायला पैसा लागतो आणि देणाऱ्याची मी कदर करतो. पण त्याने करंडक दिला आहे, करंडकाकडे जाणारी वाट विकत घेतलेली नाही. माझा अनुभव तर असा की बहुतेक देणगीदारांना हे समजतं. त्यांच्या तोंडून न निघालेली मागणी तुम्ही स्वतःहून पुरी करता, कारण पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीने तुम्हाला ते टेबल मिळायचं असतं.

मोठ्या लोकांच्या स्पर्धेतही असंच चालतं, असं तुम्ही त्या रात्री एकाला सांगत होता. चालतं, तेही सांगतो. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचं फार मोठं प्रस्थ आहे. तिथे शेवटच्या फेरीत कोणते संघ घ्यायचे हे १३ जणांची समिती बंद खोलीत बसून ठरवते. २०१४ च्या हंगामापासून चार संघ घेत. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून, आपल्या गटाचं विजेतेपद घेऊन उभा होता. समितीने त्याला बाहेर ठेवलं, कारण त्यांचा मुख्य खेळाडू पायाला दुखापत होऊन बसला होता. आणि एक सामना हरलेला अलाबामा आत घेतला. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा समितीचा अंदाज मोठा ठरला. लोक खवळले.

२०२४ पासून त्यांनी १२ संघ केले आणि पहिल्या चार मानांकनांना पहिल्या फेरीत बाय ठेवला. पण मानांकन देताना गटविजेत्यांनाच वरचं स्थान, असा नियम घातला. त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉइझी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा. पुढे बाय मिळालेले चारही संघ आपापला पहिलाच सामना हरले, आणि आठवं मानांकन असलेल्या ओहायो स्टेटने विजेतेपद नेलं. हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, बायने काही फायदा होत नाही! थांबा. तिथे दोन सामन्यांत कित्येक दिवसांची फट असते, बसून राहिलेल्या संघाचा सराव तुटतो. आपल्याकडे दोन सामन्यांत दोन-तीन तासांची फट असते आणि तेवढ्यात अंगातला घाम थंडीने गार पडतो. तिथला बाय आणि इथला बाय एका तराजूत घालू नका.

त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर दुसरं काही घ्या. ती समिती हंगामाच्या उत्तरार्धात दर आठवड्याला आपली क्रमवारी जाहीर करते आणि तिचा अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर बसून कुणाला का वर ठेवलं, का खाली, याची उत्तरं देतो. उत्तरं पटोत न पटोत, तो तोंड लपवत नाही. आणि नियम चुकला हे दिसल्यावर पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्यांनी तो बदलला आणि मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे केलं. तुम्ही किती हंगाम एकच व्हाइटनर वापरता आहात?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. प्रो कबड्डी तुम्ही मोबाईलवर बघताच. तिच्या दहाव्या हंगामात बारा संघ साखळीत एकमेकांशी खेळले, वरचे सहा पुढे गेले. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी. थेट उपांत्य फेरी तिथेही होती, पण ती महिनोन्‌महिने खेळून कमावलेली. आपल्या इथल्या पोरांना हे सगळं तोंडपाठ आहे. रात्री प्रो कबड्डीतला न्याय बघून ती सकाळी तुमच्या मंडपात येतात.

आणि आपल्या मातीतलाच दाखला हवा असेल तर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाचा निकाल आला आणि पट पुन्हा रीतसर भरू लागले. पटाच्या दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, जोडी सुटते, घड्याळ सुरू होतं, सेकंद मोजले जातात. पाटलाची जोडी असो की दोन एकरवाल्याची, अंतर तेवढंच, घड्याळ तेच. कुणाच्या बैलांना अर्ध्या दाणीवरून सोडलेलं मी कधी पाहिलं नाही. तसं कुणी केलं तर पटावर काय होईल, ते तुम्हालाही ठाऊक आहे. बैलांच्या बाबतीत जो न्याय आपण डोळ्यांत तेल घालून राखतो, तो पोरांच्या बाबतीत का नाही?

कारण पोरांचं यात काय काय अडकलेलं असतं, ते सांगतो. आमच्या संघातली निम्मी पोरं शाळा-कॉलेजातली आहेत. शालेय स्पर्धेत सावलीच्या शाळेला तालुका जिंकावा लागतो, मग चंद्रपूरला जिल्हा, मग नागपूर विभाग, आणि मग आठ विभागांतून राज्य. प्रत्येक पायरीवर बाद पद्धत, एक सामना गेला की वर्ष संपलं. कॉलेजातल्या पोरांना गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची असते. पुढे पश्चिम विभाग, आणि तिथल्या पहिल्या चारांत आलं तरच अखिल भारतीय स्पर्धा. यावर दहावी-बारावीचे क्रीडागुण अवलंबून असतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाचं दारही याच वाटेवर आहे. तुमच्या गावच्या सामन्याला प्रमाणपत्राचं मोल नाही, कबूल. पण पोर तयार होतं ते तुमच्याच मंडपात. तगड्या संघाशी भिडण्याची भीती तिथेच मोडते. निवड समितीतल्या क्रीडाशिक्षकांची नजर तिथेच एखाद्यावर पडते, आणि ती नजर उपांत्य फेरीत पडते. पहाटे तीनला बाहेर गेलेल्या पोराला कोण बघतं?

शिवाय तो पहाटेचा परतीचा रस्ता. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडून आलेले संघ, पाथरीकडच्या जंगलातल्या गावांचे संघ ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने बसून येतात. ब्रह्मपुरी वनविभागात वाघाने माणूस मारल्याची बातमी आता कुणाला नवी राहिलेली नाही, आणि आपलं सावली वनपरिक्षेत्र त्याच विभागात येतं. संध्याकाळनंतर माणसं एकटीदुकटी बांधीकडे जात नाहीत. अशा रस्त्याने पहाटे परतणार कोण? तर लांबून आलेला संघ, कारण त्याचे सामने तुम्ही रात्री उशिरा लावता. जवळच्या गावांचे संघ घर हाकेच्या अंतरावर असूनही दुपारी उजेडात खेळून मोकळे होतात. लांबच्या संघाला दिवसाचा सामना आणि जवळच्याला रात्रीचा, एवढं साधं गणित तुमच्या वहीत कधी का बसलं नाही? त्यासाठी तर पैसाही लागत नाही.

दिवस हाताशी असतील तर बाद पद्धतच नको, असं माझं मत आहे. तीन दिवसांचे सामने असतील तर चार-चारचे गट पाडा, साखळी खेळवा. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. धानाच्या मजुरीतून काढून प्रवेश फी भरलेली पोरं वीस मिनिटांत गाशा गुंडाळून घरी जाणार नाहीत, आणि गटात पहिला कोण आला यावर तुमच्या पेनाचं काही चालणार नाही. मंडप तेवढाच, पंच तेवढेच, सामने थोडे छोटे करावे लागतील इतकंच.

हे करायला तुम्ही तयार होणार नाही, कारण तक्ता उघडा झाला की टेबलाची किंमत उतरते. ती उतरावी म्हणूनच हे पत्र. आपलं सावली म्हणजे १९३६ साली जिथे गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं, गांधीजी स्वतः येऊन राहिले, ते गाव. गावातले म्हातारे आजही अभिमानाने सांगतात. त्या सावलीच्या परिसरात पन्नास माणसांसमोर चिठ्ठ्या टाकून त्या जशा निघाल्या तशा फळ्यावर लिहायला आपल्याला जमू नये?

तुमच्याकडे मागणं एवढंच. येत्या हंगामात लॉट पडेल तेव्हा सगळे संघनायक टेबलाभोवती उभे असतील. मागच्या वर्षीच्या पहिल्या चारांची नावं आधी मोठ्याने वाचून दाखवा. उरलेल्या प्रत्येक संघाची चिठ्ठी, यजमानाची धरून, त्यांच्या डोळ्यांदेखत थाळीत टाका. तक्ता खडूने फळ्यावर काढा आणि त्याखाली दोन संघनायकांच्या सह्या घ्या. थेट प्रवेश कुणालाही नाही. हे तुमच्याकडून होणार नसेल तर वही खाली ठेवा. तालुक्यात क्रीडाशिक्षक आहेत, जुने खेळाडू आहेत, कुणीही हे काम एका तासात फुकट करून देईल.

आणि आता तालुक्यातल्या आणि वैनगंगेपलीकडच्या संघनायकांना: पोरांनो, फी भरून पावती फाडण्याआधी विचारा की लॉट कधी आणि कुणासमोर पडणार. उत्तर मिळालं नाही तर फी खिशात ठेवा आणि संघ परत फिरवा. संघच आले नाहीत तर यांचा तक्ता कोऱ्या कागदापलीकडे काही उरत नाही.

तुमच्या मंडपात हरलेल्या एका संघाचा मार्गदर्शक